उष्टी पत्ती

भीमाप्पाची सनई का बंद पडली, हे आमच्या पेठेत कुणालाही विचारा. चहाच्या गाड्यावरचा, दूध घालणारा, देवळाचे पंच, सगळे एकच सांगतील: लेकीनं पत्त्या बिघडवल्या आणि म्हाताऱ्याची चाळीस वर्षांची सेवा गेली. वर हळहळतीलही. मी त्या म्हाताऱ्याचा मुलगा सोमेश, आणि ती लेक म्हणजे माझी थोरली बहीण चन्नम्मा. मी तिला आक्का म्हणतो. हे बोलणं कानावर आलं की माझ्या अंगाची लाही होते. तरी आजवर मी तोंड उघडून पेठेत कुणाला काही सांगितलेलं नाही. त्याला कारण आहे, आणि त्यात माझाही वाटा आहे. तो शेवटी सांगतो, आधी सांगायची हिंमत नाही.

पेठेतल्या महादेवाच्या देवळाला दरवाजावर एक माडी आहे, तिला नगारखाना म्हणतात. आप्पा तिथं रोज सकाळी सहाला आणि संध्याकाळी दिवेलागणीला सनई घेऊन बसायचे. शेजारी पिराजीमामा नगाऱ्यावर. हे पिराजीमामा आमचे कुणी सख्खे मामा नव्हेत, पण आप्पांच्या बरोबरीनं त्यांचीही सगळी हयात त्या माडीवर गेली. पेठेतल्या बायका सनई ऐकून बंब पेटवायच्या. लग्नसराईत आप्पांना हातकणंगल्यापासून बिद्रीपर्यंत बोलावणी यायची, पण त्यांचा खरा जीव माडीवर होता. मला सनई शिकवायचा त्यांनी दोन वर्षं प्रयत्न केला, मग "ह्याच्या छातीत भुस्सा भरलाय" म्हणून सोडून दिला. मी शिरोलीला फौंड्रीत लागलो. आक्काला शिकवायचं कुणाच्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

सनई नुसती लाकडाची आणि पितळेची असते. आवाज असतो तो पत्तीत. ताडाच्या पानाची, करंगळीच्या नखाएवढी, दुहेरी पत्ती बारीक नळीवर दोऱ्यानं बांधायची आणि ओठांत धरून फुंकायची. जाड राहिली तर घोगरते, पातळ झाली तर चिरकते आणि नीट जमली तरी फार दिवस टिकत नाही. त्यामुळं सनईवाल्याच्या घरी पत्त्यांचं काम कधी संपत नाही. आप्पा त्या स्वतः करायचे. कोकणात उतरणारा एक ट्रकवाला त्यांना ताडाची पानं आणून द्यायचा.

पुढं आप्पांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला. ऑपरेशन झालं, दिसायला लागलं, पण बोटं थरथरायला लागली ती थांबली नाहीत. आक्का तेव्हा आमच्याकडंच होती. तिला कबनूरला दिली होती. मागावर काम करणाऱ्या नवऱ्यानं दोन वर्षांत दुसरी आणली, तेव्हा आक्का ट्रंक उचलून परत आली आणि ब्लाऊज शिवायला बसली. तिच्या हातची बाही कधी उसवावी लागली नाही. एक दिवस आप्पांनी काही न बोलता पत्तीचा चाकू तिच्यापुढं सरकवला.

"बग काय जमतंय काय."

आणि लगेच नियम सांगितला. "देवाम्होरं वाजायची पत्ती हाय. तोंडाला लावायची न्हाय. येकदा दुसऱ्याच्या तोंडाला लागली की उष्टी झाली."

आता ही काय रीत झाली? शिवणारी बाई ब्लाऊज अंगाला लावून बघते. स्वयंपाक करणारी निदान वासावरून मीठ ओळखते. पत्तीचं मात्र सगळं ओठांवर. ओठ लावल्याशिवाय ती कशी झाली हे कळायचं कसं? आप्पा स्वतःच्या पत्त्या स्वतःच्या तोंडात धरून तासायचे, त्यांना ही अडचणच नव्हती. आक्कानं आप्पांना एका अक्षरानं विचारलं नाही. तिनं मला विचारलं. मी रिक्षाच्या जुन्या भोंग्याचा रबरी फुगा आणला, त्याला पाइपचा तुकडा बसवला आणि आत पत्ती अडकवायची सोय केली. फुगा दाबला की पत्ती "प्यां" करायची. करायची, म्हणजे वाजते. एवढंच त्यातून कळायचं. आप्पांनी त्या यंत्राकडं बघून हे काय लहान पोरांचं खेळणं, असं म्हटलं, पण नको म्हणाले नाहीत.

पहिली दोन वर्षं आक्काच्या हातून एक पत्ती धड झाली नाही. पान उन्हात वाळवलं तर तडकायचं आणि सावलीत वाळवलं तर बुरशी धरायची. तिनं पान दुधात भिजवून बघितलं, तांदळाच्या पेजेत बघितलं, चहाच्या पाण्यातही बघितलं. शेवटी साधं विहिरीचं पाणीच बरं ठरलं. दोरा सैल बसायचा, मग ती ब्लाऊजच्या हुकाला घालायचा दोरा वापरायला लागली. तासताना चाकू निसटून तिच्या डाव्या अंगठ्याची कड इतकी वेळा कापली गेली की तिथं आता नखाजवळ गाठ आहे. आप्पा पत्ती ओठांत धरायचे, एकदा फुंकायचे, काढून बाजूला टाकायचे. "न्हाय." बस, तेवढंच. कुठं चुकलं ते सांगायचे नाहीत. तीही विचारायची नाही. टाकलेली पत्ती घेऊन खिडकीत उजेडाला धरून बघत बसायची.

तिसऱ्या वर्षी एका सकाळी आप्पांनी पत्ती फुंकली, काढली, पुन्हा फुंकली आणि बाजूला न टाकता सनईला लावली. "चालतंय की," म्हणाले आणि देवळाकडं गेले. आक्का उंबऱ्यात उभी राहिली. माडीवरनं सनई वाजायला लागली, तशी ती तिथंच खाली बसली. मी कामावर निघालो होतो. "आक्का, काय झालं गं?" म्हटलं तर म्हणाली, "काय न्हाय, ऐकू दे."

त्यानंतरची दोन वर्षं आमच्या घरातली सगळ्यात बरी वर्षं. आक्का दर पंधरवड्याला चार-सहा पत्त्या करायची, त्यातल्या दोन-तीन आप्पा ठेवून घ्यायचे. गडहिंग्लजच्या एका सनईवाल्यानं लग्नात विचारलं, पत्ती कुणाची? आप्पा म्हणाले, घरचीच. लेकीची म्हणाले नाहीत. पण ते घरी येऊन सांगितलं, आणि आक्का तेवढ्यावर आठवडाभर खूश होती. एवढ्याशा कौतुकावर जगायची सवय बायकांना कोण लावतं, देव जाणे.

दोन हजार अठराला आप्पांचे वरचे दात हलायला लागले. मी त्यांना दवाखान्यात नेलं. वरचे सगळे काढावे लागले आणि कवळी बसवली. तेव्हापासून आमच्या खिडकीत दोन वाट्या आल्या. एकीत आप्पांची कवळी भिजायची, दुसरीत दुसऱ्या दिवसाची पत्ती. दोन्ही वाट्यांत पाणी भरायचं काम आक्काचं.

आणि पत्त्या पुन्हा बिघडायला लागल्या. आप्पा फुंकायचे, "न्हाय." दुसरी. "न्हाय." आधी पाचातल्या तीन जायच्या, मग चार, मग पाचही, आणि त्यातलीच एखादी चिडून उचलत ते माडीवर जायचे. आक्का हबकली. तेच पान, तोच दोरा, तोच चाकू, मग बिघडलं काय? तिनं चाकू बदलला. ट्रकवाल्याला दुसऱ्या गावची पानं आणायला लावली. भोंग्याचा फुगा दाबून बघितला, तर पत्ती चांगली "प्यां" म्हणायची. "सोम्या, तुझा फुगा खोटा हाय बग," ती मला म्हणाली. फुगा खरं सांगत होता आणि आप्पा नाही, हे तिच्या मनाला शिवलंच नाही. चाळीस वर्षं देवापुढं वाजवणारा बाप एकीकडं आणि रिक्षाचा भोंगा एकीकडं. तिनं बापाचं ऐकलं.

एकोणीसच्या पुरात आमच्या घरात कमरेएवढं पाणी आलं. आम्ही शाळेत राहिलो. परत आलो तेव्हा माळ्याखाली जमिनीवर गठ्ठा बांधून ठेवलेली दोन वर्षांची वाळलेली पानं चिखलात कुजली होती. आक्का त्या चिखलावर रडली नाही. पुन्हा पानं मागवली. दुसऱ्या वर्षी कोरोनात देवळं बंद झाली, तर तेवढे महिने ती नुसती तासत होती. देऊळ उघडायच्या आत हात बसला पाहिजे, म्हणायची. नाकारलेल्या पत्त्या ती बंबात घालायची. सुकलेलं पान, चांगलं पेटायचं. रोज सकाळी आप्पांच्या आंघोळीचं पाणी तिच्या पत्त्यांवर तापायचं.

आता ती बारीक झाली होती. ब्लाऊजची गिऱ्हाइकं परत जायला लागली. "आक्का, बास कर की," मी म्हटलं. "हाताचं वळण गेलंय माझ्या, ते परत आणाय नगं?" ती म्हणाली. हे शब्द आप्पांचे. हाताला वळण न्हाय, हे ते तिला दिवसातनं दोनदा ऐकवायचे.

बावीस सालचा श्रावणी सोमवार. देवळात ही गर्दी. आक्का खाली बायकांच्या रांगेत बेल घेऊन उभी होती. मीही सुट्टी काढून आलो होतो. वर आप्पांनी सनई तोंडाला लावली आणि पहिलाच सूर असा चिरकला की रांगेतली लेकरं हसली. आप्पांनी पत्ती ओली केली, पुन्हा लावली. पुन्हा तेच. पिराजीमामांनी नगारा थांबवला. मग आप्पांनी सनईची पत्ती उपटून माडीवरनं खाली फेकली आणि सगळ्या देवळाला ऐकू जाईल असं ओरडले, "लेकीच्या हाताला वळण न्हाय! देवाम्होरं माझं नाक कापलं हिनं!"

सगळ्या रांगेनं वळून आक्काकडं बघितलं. आक्कानं बेल शेजारच्या बाईच्या हातात दिला, वाकून पायांतली पत्ती उचलली आणि पदराच्या टोकात बांधून घरी गेली.

घरी काय झालं ते तिनं मला नंतर सांगितलं. पत्ती लोकांच्या पायांत पडली होती, म्हणजे देवाच्या कामातनं गेलीच होती. त्यावर आप्पांचं तोंडही लागलं होतं, आणि बापाचं उष्टं लेकीला चालतं. मग आता नियम कसला? तिनं पत्ती धुतली, घरातल्या जुन्या सनईला बसवली आणि आयुष्यात पहिल्यांदा तोंडाला लावली. फुंकायचं कसं हे तिनं चाळीस वर्षं नुसतं बघितलं होतं. पहिल्या दोन फुंका वाया गेल्या. तिसरीला सूर लागला. सरळ, लांब, कुठं न हलणारा. ती दचकली आणि तिनं सनई खाली ठेवली. मग डबा काढला. त्या महिन्यात आप्पांनी नाकारलेल्या अकरा पत्त्या अजून बंबात जायच्या राहिल्या होत्या. तिनं एकेक लावून बघितली. अकरातल्या नऊ वाजल्या.

मी घरी पोचलो तेव्हा ती डबा मांडीवर घेऊन बसली होती. "सोम्या," म्हणाली, "चार वर्सात किती बंबात घातल्या असतील रं?"

आप्पा आले, तसं तिनं त्यांना पाणी दिलं, बसू दिलं आणि म्हणाली, "आप्पा, जरा ऐका." तिनं सनई लावली आणि सूर धरला. नवशिक्याचा होता, थोडा कापत होता, पण होता स्वच्छ. आप्पांसारख्या माणसाला त्यात काय कळायचं ते सगळं कळलं असणार. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होतो. मला वाटलं, आता हा माणूस रडेल, नाहीतर निदान खाली तरी बघेल.

आप्पा म्हणाले, "तोंडाला लावलीस?"

"आप्पा, पत्ती चांगली हाय. वाजतीया. तुमी ऐकलासा की."

"मी इचारतोय, तोंडाला लावलीस?"

"व्हय."

आप्पा उठले. तिच्या मांडीवरचा डबा घेतला, मागल्या दारी गेले आणि अकराच्या अकरा पत्त्या बंबात ओतल्या. बंब विझलेला होता. त्यांनी स्वतः काडी ओढली. थरथरत्या हातांनी चार काड्या वाया गेल्या, पाचवीला पेटलं. आक्का दारात उभी राहून बघत होती. ओरडली असती तर बरं झालं असतं.

त्यानंतर आप्पांनी तिच्या हातची पत्ती घेतली नाही आणि तिनं केली नाही. आठवड्यानं आप्पांनी पंचांना सांगितलं, सेवा सोडतो, घरात पत्तीचं बघणारं कुणी राहिलं नाही. पंचांनी शाल दिली. महिन्याभरात माडीवर मोटारीचा नगारा बसवला. बटण दाबलं की दांडकी आपोआप पडतात, घंटा वाजते आणि कर्ण्यातनं रेकॉर्डवरची सनई लागते. पिराजीमामा कट्ट्यावर येऊन बसले. पेठेला मात्र कारण मिळालं. लेकीनं पत्त्या बिघडवल्या. आप्पांनी ते कधी खोडलं नाही. उलट कुणी भेटायला आलं की आक्काच्या देखत सांगायचे, काय करणार, आपल्याच घरात खोट. ती चहाचे कप उचलून आत न्यायची.

दोन वर्षांनी आप्पा गेले. आमच्यात पुरतात. रुद्रभूमीतनं आलो, पाहुणे पांगले आणि तिसऱ्या दिवशी आक्का खिडकीतल्या दोन वाट्या घासायला घेऊन बसली. कवळीची वाटी तिनं उजेडाला धरून बघितली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "सोम्या, दात काढलं तवा डाक्टर काय म्हणालेता रं?"

आता माझा वाटा सांगतो.

डॉक्टरांनी आप्पांना धंदा विचारला होता. सनई म्हटल्यावर ते थांबले आणि स्पष्ट म्हणाले, "आजोबा, कवळीवर ओठांची पकड पहिल्यासारखी राहणार नाही. वाद्य नीट वाजेलच असं नाही." मी शेजारी उभा होतो. येताना रिक्षात आप्पा म्हणाले, "त्येला काय कळतंय सनईतलं. पर घरात बोलू नगंस. चन्नीला तर आजाबात न्हाय." मी बरं म्हटलं. तेव्हा वाटलं, म्हाताऱ्याची अब्रू आहे, झाकूया. पुढं पत्त्या बिघडायला लागल्या तेव्हा मला सगळं कळत होतं. पुरात पानं कुजली तेव्हा कळत होतं. श्रावणी सोमवारी देवळात उभा होतो तेव्हाही कळत होतं. तरी मी मूग गिळून बसलो. बापापुढं बोलायची सवय नव्हती, हे खरं. पण खरं सांगायचं तर ते मला सोयीचंही होतं. आप्पांचा राग कुणावर तरी निघायचाच. तो आक्कावर निघत होता, तोवर माझ्यावर येत नव्हता.

हे सगळं मी तिला सांगितलं.

"म्हंजे आप्पास्नी पयल्यापासनं ठाऊक हुतं."

"व्हय."

"आन् तुलाबी."

मी मान हलवली. तिनं दुसरी वाटी घासली, दोन्ही विसळल्या आणि फळीवर उपड्या घातल्या. "दोनी वाट्या रोज माज्याच हातनं भरल्या की रं," म्हणाली. "शेजारी शेजारी. मला कसं दिसलं न्हाय?" मला शिव्या घातल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या. ती स्वतःलाच बोल लावत होती.

यंदाच्या महाशिवरात्रीला पंचांना हौस आली. मोटारीचा नगारा एक दिवस बंद, खरी सनई लावायची. बाहेरगावचा एक सनईवाला बोलावला. आदल्या दिवशी त्याची पत्ती फुटली आणि जवळची दुसरी लागेना. पिराजीमामा आमच्याकडं आले. आक्का शिवणयंत्रावर बसली होती, मी चहा पीत होतो.

"चन्ने," मामा दारातनंच म्हणाले, "भीमाप्पाच्या येळची एकादी बरी पत्ती ऱ्हायलीया काय गं घरात? त्येच्या सोताच्या हातची. नसंल तर तू एकादी करतीस काय बग. चिरकली तर चिरकली, आता आडल्यालं हाय."

पत्तीचा चाकू खिडकीतच होता. ती आता त्यानं दोरे कापते. पानंही माळ्यावर होती, मी बघितली आहेत. आक्कानं यंत्राचं चाक हातानं थांबवलं.

"माज्या हाताला वळण न्हाय, मामा," ती म्हणाली. "सगळ्या पेठंला ठाऊक हाय."

मामा म्हणाले, "ते बी खरंच म्हणा," आणि कपाळाला हात लावून उभे राहिले. मी तिथंच होतो, त्यांच्यापासून दोन हातांवर. मामांना खरं सांगायला मला एक वाक्य पुरलं असतं. आप्पा आता नव्हते, कुणाचं भय नव्हतं. आक्कानं माझ्याकडं एकदाच बघितलं आणि थोडा वेळ वाट बघितली. मग चाक फिरवून ती पुन्हा शिवायला लागली. मी उरलेला चहा पिऊन टाकला.